अर्धा दाणा

सांगलीत आमच्या शेजारी मार्केट यार्डातले एक जुने मापाडी राहतात. आता ते धान्य मोजायला जात नाहीत, पण हाताची सवय गेलेली नाही. साखरेचा असो की शेंगदाण्याचा, डबा भरला की ते तो तीनदा जमिनीवर आपटतात आणि थांबतात. "बसू दे," म्हणतात. आमच्या घरचे डबेही त्यांनी न विचारता आपटले आहेत.

मी घरून काम करतो. अणुभट्टीच्या इंधनाच्या एका गोळ्यात राजगिऱ्याएवढे हजारो कण कसेही विखुरलेले असतात. ते संगणकावर भरून दाखवणं हे माझं काम. त्याचा अहवाल पाठवायच्या दिवशी काका ताकाचा तांब्या घेऊन आले आणि पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"ह्ये काय भरलंय?"

"इंधनाचे दाणे, काका."

त्यांनी गोळ्याच्या काठावर बोट ठेवलं. "हितं दाणं कापल्यालं हायत. अर्धा दाणा कुठं असतुया व्हय?"

काठाबाहेर जाणारे कण मीच कापायला लावले होते. त्यानं गणित सोपं होतं. आमच्या तीन तज्ज्ञांनी ते चित्र तपासून सह्या केल्या होत्या.

"तेवढं चालतं," मी म्हणालो.

"यार्डात न्हाई चालत."

अहवाल गेला नाही. सगळे कण मी पुन्हा भरतोय, अख्खे. ते रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, "बसलं का?" मी नाही म्हणतो.

काल ते आत आले, लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि खाली फरशीकडे बघितलं. मी तो वेळेवर धरला.