ओल्या भिंतीचे मिस्त्री

"भिंत अजून नको म्हणते, आक्का."

एवढं बोलून मिस्त्री भिंतीवरचा तळहात काढायचे, पँटला पुसायचे आणि चहाची वाट बघत बसायचे. काम कमी आणि चहा जास्त, असा कारागीर तुमच्याकडेही येऊन गेला असेल.

त्यांच्याआधी एक वॉलपेपरवाला आला होता. शेजारच्या न्हाणीघराची ओल आमच्या बैठकीच्या भिंतीत उतरते. त्याने त्या ओलीवरच घाईघाईने कागद चिकटवला. नातीला बघायला पाहुणे आले, पोहे हातात दिले आणि कागद सुटून मुलाच्या आईच्या डोक्यावर आला. मागचा काळा डाग सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी नकार.

म्हणून भरवशाचा माणूस शोधला. शेजारणीने विजापूर वेशीकडच्या या मिस्त्रींचं नाव सांगितलं. रविवारी मोडनिंबचे पाहुणे येणार होते. मिस्त्री रोज यायचे, हात लावायचे, तेच सांगायचे. मी म्हटलं, लग्न भिंतीचं नाही, पोरीचं आहे.

"चिकटवतो की. पण परत पाहुण्यांच्या डोक्यावर पडला तर मला बोलू नका."

मी चहा टाकायला उठले.

रविवारी मिस्त्री पांढरा शर्ट आणि गोल टोपी घालून आले. कुणाला न विचारता डागापुढे खुर्ची ओढली आणि भिंतीला पाठ टेकून बसले. पाठ चांगली रुंद होती. डाग पुरता झाकला.

पाहुण्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, घरचेच. त्यांनी एकदा टोपीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. मिस्त्रींनी पोहे दोनदा घेतले, कांद्याच्या भावावर वाद घातला, पण उठले नाहीत. निघताना मुलाचे वडील हात पुढे करून उभे राहिले, तरी हे बसलेलेच.

"माफ करा, कमरेनं लई धरलंय."

पाहुणे गेल्यावर उठले. शर्टाच्या पाठीवर काळा नकाशा उमटला होता. नात हसून हसून खाली बसली. मी म्हटलं, शर्ट द्या, धुऊन देते.

"ऱ्हाऊ दे, आक्का. पोरगं बरं हाय."

होकार आला. लग्नानंतर नातीच्या सासूने कमरेच्या काकांसाठी तेलाची बाटली पाठवली. तोवर मिस्त्री गेले होते. छातीत कळ येऊन गेले; कमरेला शेवटपर्यंत काही झालं नव्हतं.

तेल मी गुडघ्यांना लावते. सासू फोनवर विचारते, काकांना गुण आला का? आता तिला काय सांगायचं? आला म्हणते.

परवा तिने दुसरी बाटली पाठवली.