मामलेदारांची उंदरबी

आमच्या घरात मधुमेहाचे दोन रुग्ण आहेत. त्यांतला एक उंदीर खातो. दुसरा मी.

उंदीर खाणाऱ्याचं नाव मामलेदार. हा आमचा पांढरा, पोट सुटलेला बोका. तोंडवलीतल्या घराघरांत जाऊन कुठे काय शिजतंय याची पाहणी केल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नाही, म्हणून हे नाव. मध्यंतरी तो बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागला आणि अंगणातली जास्वंद भलत्याच मायेने शिंपायला लागला, तेव्हा त्याला कुडाळला डॉक्टरांकडे नेला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "साखर आहे. आणि किडनीही." (मला बापड्याला नुसती साखर मिळाली होती. मामलेदाराला दोन्ही!)

तेव्हापासून त्याला दोन्ही वेळा इन्सुलिनची सुई, तीही जेवल्यावरच. उपाशीपोटी दिली तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतायचं. आणि जेवण कसलं? तर किडनीवाल्या मांजरांचं खास, तपकिरी, शेळीच्या लेंड्यांसारखं दिसणारं. मीठ नाही, मसाला नाही, सुका बांगडा तर स्वप्नातसुद्धा नाही. समुद्राकाठच्या बोक्याला बांगडा बंद! तो त्या बशीकडे आणि मग माझ्याकडे असा बघायचा, की मलाच गुन्हेगार असल्यासारखं वाटायचं.

माझी बायको वसुधा शाळेत शिकवते, त्यामुळे घरातही शुद्ध मराठीत रागावते. सुई टोचायचं काम तिचं, बोका धरायचं माझं. पहिल्या दिवशी सुई अचूक लागली. माझ्या अंगठ्याला. (अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.)

चतुर्थीत मात्र चमत्कार झाला. गणपती घरात असेपर्यंत मासे-मटण नाही, त्यामुळे अख्ख्या वाडीत पाहणी करावी असं काहीच शिजत नव्हतं. मामलेदार निमूटपणे लेंड्या खाऊ लागला आणि त्याची साखर ताब्यात आली! वसुधा त्याचे आकडे शेजारणींना परीक्षेच्या निकालासारखे सांगू लागली. माझे आकडे तिने कुणाला सांगितले नाहीत. (मोदक.)

गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी उंदरबी आली. उंदरबी म्हणजे गणपतीच्या वाहनाचा मान. उंदराने शेतात नासधूस करू नये म्हणून त्याला वडे आणि कोंबडीच्या सागोतीचं, म्हणजे तांबड्या झणझणीत रश्श्याचं, पान वाढायचं. इतके दिवस गोड खाऊन कंटाळलेलं घर त्या वासाने वेडं झालेलं असतं, पण आधी उंदीर, मग माणसं.

"बाबू, ह्या पान मागच्या बांधार ठेव," आईने बजावलं. "हात जोड. आणि वाटेत वडो खाव नको!"

आई मला पुरतं ओळखते.

मी पान बांधावर ठेवलं, हात जोडले आणि विसरलेला पाण्याचा तांब्या आणायला घरात गेलो. परत येतो तर काय, सागोतीचा थेंब शिल्लक नाही! वडे तेवढे जागेवर.

"आये, उंदीर येवन गेलो!"

"पावलो रे देव!" आई धावत आली. "इतक्या बेगीन कधी येवक नाय हां! पण वडे कित्याक ठेवल्यान?"

"त्येकाव साखर झाली आसतली!"

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो. मग आम्ही जेवायला बसलो आणि वसुधाने मला मोजून एक वडा वाढला.

संध्याकाळी मामलेदाराने बशीकडे पाठ फिरवली. हाका मारल्या, पाठ खाजवली, वसुधाने तर त्याच्यासमोर लेंडी खाण्याचं नाटकही केलं. मामलेदार ढिम्म! खाटेखाली जाऊन पडला.

"अहो, हा जेवत नाहीये," वसुधा सुई हातात धरून म्हणाली. "सुई कशी द्यायची?"

"मग नको देऊया."

"न देऊन कसं चालेल!"

बोका असला म्हणून काय झालं, कित्येक वर्षं हा माझ्या उशाशी झोपतो. त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर घर मला खायला उठलं असतं.

वसुधाने डॉक्टरांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"बाहेर काही खाल्लंय का त्याने?"

"छे हो! दिवसभर घरात आहे," मी छातीठोकपणे सांगितलं आणि टॉर्च घेऊन खाटेखाली वाकलो. मामलेदाराच्या एका बाजूच्या मिश्या पांढऱ्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या तांबड्या.

"डॉक्टर, सागोती खाल्लीय."

"मसाल्याची? कुणी दिली?"

"कुणी नाही. उंदराची होती."

"उंदराची... सागोती?"

"नाही हो! कोंबडीची! उंदराला वाढलेली!"

(डॉक्टर घाटावरचे. त्यांना उंदरबी समजावताना मला घाम फुटला.)

त्यांनी साखर मोजायला सांगितली. मामलेदाराच्या कानाला टोचून आकडा कळवला, तेव्हा ते म्हणाले, "आज निम्मीच सुई द्या, पाणी भरपूर ठेवा आणि सकाळी आणा. किडनीचं बघायला हवं."

सुई देऊन मागे वळलो, तर आई कमरेवर हात ठेवून उभी.

"म्हणजे उंदीर उपाशी! आणि आपण जेवन मोकळे! मी परत पान वाढतंय. तू थंय राखण बस. वाडीत काय एकच बोको आसा?"

अशा रीतीने तिन्हीसांजेला मी काठी घेऊन बांधावर बसलो. डास फोडून काढत होते. वाटेने शेजारचे सदाकाका चालले होते.

"काय रे बाबू, काय करतस?"

"उंदराची राखण."

"उंदरापासून?"

"नाय, उंदरासाठी!"

"बरो आसस मा?" म्हणत काका जरा लांबूनच गेले.

उंदीर काही येईना. वडे मात्र गरम होते. मनात मामलेदाराच्या किडनीची काळजी, आणि काळजीत मला भूक लागते. म्हटलं, एक वडा कमी झाला तर उंदराला काय कळणार? वडा कोरडा कसा खायचा, म्हणून थोडी सागोती. सागोती उरली, म्हणून आणखी एक वडा.

थोड्या वेळाने वसुधा आली. "आला का उंदीर?"

"हे काय, आत्ताच येऊन गेला!"

तिने टॉर्च पानावर मारला. मग सावकाश वर, माझ्या तोंडावर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मामलेदाराला तपासलं. किडनी होती तशीच होती, साखरही ठीक. मला इतका आनंद झाला, की मी त्याला तिथेच छातीशी धरला. तेवढ्यात वसुधाने पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढून माझं बोट पकडलं. आकडा बघून डॉक्टर म्हणाले, "बोक्याला सोडा. ह्यांना भरती करा."

आता आमच्याकडे दोन्ही वेळा जेवणाआधी मिश्या तपासल्या जातात. मामलेदाराच्या नंतर. आधी माझ्या.