पॅटर्न शॉप ते डिझाइन : बंद

आमच्या घराण्यात कार्य कुठलंही असो, जेवणं उरकली की मला मध्ये बसवतात आणि म्हणतात, "हं, होऊन जाऊ दे." मग मी थोडं मीठ-तिखट लावून एखादी गोष्ट सांगतो, बहुतेक माझ्याच फजितीची. ही मात्र कधी सांगितलेली नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला मी कोल्हापुरात एका फाउंड्रीत कॉम्प्युटरचं बघायचो. हुद्दा सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, काम प्रिंटरात अडकलेला कागद ओढून काढायचं. नोकरी लावली होती तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी. ते तिथं पॅटर्न शॉपचे फोरमन होते. ओतकामाआधी लाकडाचे नमुने घडवतात, ते खातं. त्यांचा मुलगा, माझा थोरला चुलतभाऊ, त्याच कारखान्यात डिझाइनला. मी त्याला दादा म्हणतो. बाप-लेक एका घरात राहायचे, एकाच फाटकातून आत शिरायचे आणि दोन वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. काकू आजारी असताना दादा म्हणत होता मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात हलवू, तात्या म्हणाले दोन दिवस बघू. त्या दोन दिवसांत काकू गेल्या.

त्या काळी कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर एकाच जाळ्यात होते. स्टोअरच्या माणसाला मालकांची पत्रं दिसायची, मशीनवरच्या पोराला पगारपत्रक. मग एकदा कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि दोन दिवस मशीनं बंद पडली. ते कुणीतरी म्हणजे मी असेन, ही शक्यता मी आजवर नाकारलेली नाही. भाच्याच्या बारशाचे फोटो त्याच आठवड्यात आणले होते. मालकांनी मला पुण्याला पाच दिवसांच्या कोर्सला धाडलं. मी जाताना साधा माणूस होतो, येताना तज्ज्ञ होऊन आलो.

येऊन मी जाळ्याचे चार भाग पाडले : ऑफिस, डिझाइन, शॉप आणि बाहेरचं जग. मध्ये फायरवॉल. नियम असा की आधी एकमेकांकडं जायच्या सगळ्या वाटा बंद करायच्या, आणि ज्याला कामासाठी जिथं जावं लागतं तेवढीच वाट उघडायची. मी हातात फॉर्म घेऊन टेबलाटेबलाशी फिरलो. "कुणाकडं जावं लागतं? कशासाठी?" लग्नात मानपान विचारत फिरतात तसा.

तात्या रंधा मारत होते. त्यांच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता.

"तात्या, तुम्हाला या कॉम्प्युटरवरनं दुसऱ्या खात्यात कुठं जावं लागतं?"

"मला? ड्रॉइंग तर शिपाई आणून देतोय."

"म्हणजे डिझाइनकडं काही काम नाही?"

हातातला रंधा थांबला. "काम... न्हाय. काम काय न्हाय."

मी लिहिलं : पॅटर्न शॉप ते डिझाइन, बंद. त्या थांबलेल्या रंध्याकडं बघायला तज्ज्ञाला वेळ नव्हता.

सगळं सुरळीत झालं. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तात्या अबोल झाले, तेव्हा मला वाटलं, निवृत्ती जवळ आली म्हणून. महिन्याभरानं शाल-नारळ घेऊन ते निवृत्त झाले आणि कोल्हापूरचं घर सोडून गावाकडं, नेसरीला राहायला गेले.

दोन महिन्यांनी ऑडिटसाठी म्हणून मी पहिल्यांदा फायरवॉलची नोंदवही उघडली. कुणी बंद वाटेनं जायला बघितलं तर ती वही ते टिपून ठेवते. ती रोज वाचायची असते, असं कोर्समध्ये तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं. पॅटर्न शॉपमधून डिझाइनकडं, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी नऊ दहा. तिसऱ्या दिवशी नऊ दहा.

ही सगळी धडपड दादाच्या कॉम्प्युटरकडं जायची होती, आणि त्यावर पॅटर्न शॉपमधून उघडता येईल अशी त्यानं ठेवलेली एकच फाइल होती. मी ती उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी : 'बीपीची गोळी आणून कपाटात ठेवली आहे.' खाली ओके. 'रात्री आम्ही लग्नाला जाणार, भाकरी झाकून ठेवली आहे.' ओके. दोन वर्षं हे चाललं होतं. दादा संध्याकाळी लिहायचा, तात्या सकाळी चहाच्या आधी एका बोटानं दोन अक्षरं टाइप करायचे. माझी फायरवॉल बसल्या दिवसापासून पुढं ओके नव्हतं.

रविवारी मी नेसरी गाठली. तात्या अंगणात शेंगा फोडत बसले होते.

"या इंजिनेर! बसा."

मी विचारलं, कॉम्प्युटर काय दाखवत होता? म्हणाले, "इंग्रजीत यायचं. स्टोअरवाल्याकडनं वाचून घेतलं. तुमाला परवानगी नसावी म्हणतंय, म्हणाला. ॲडमिनिस्ट्रेटरला इचारा." तो ॲडमिनिस्ट्रेटर पन्नास पावलांवर बसून चहा पीत होता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी अर्थ घेतला की पोरानं दार लावलं.

"तात्या, ते दादानं नाही, मी बंद केलं."

त्यांनी हातातली शेंग फोडून दाणे माझ्यापुढं धरले. मग हसले.

"लगा, ल्हानपनापासनं तू असाच. कुनाचं भांडान मिटवायचं आसलं की गोष्ट रचून आणतोस. ही बी झ्याक जमलीया."

"शप्पथ तात्या, खरं आहे."

"व्हय की. च्या घे, गार व्हतोय."

लहानपणापासून मी सांगितलेल्या एकेका थापेचा त्या दिवशी मला राग आला.

दादाला मी त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. तो गेला असता, त्याच्या तोंडून तात्यांनी ऐकलं असतं. पण मला भीती वाटली. आधी म्हटलं ऑडिट होऊ दे, मग म्हटलं दसरा होऊ दे. दिवाळीनंतर नेसरीहून फोन आला, तात्या झोपेतच गेले.

बारावं झाल्यावर दादा कामावर आला. मी नोंदवहीचा कागद छापून त्याच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं, या वेळी मीठ-तिखट न लावता. तो ओळींवरून बोट फिरवत राहिला.

"रोज?"

"रोज."

"मला वाटलं, मुद्दाम ओके टाकत नाहीत." बोट शेवटच्या तारखेवर थांबलं. "हा निरोपाचा दिवस. इथं दोन आहेत."

"एकदा नऊ दहाला. एकदा शाल-नारळ घेतल्यावर, पावणेपाचला."

दादानं कागद जवळ ओढला. मग म्हणाला, "आदल्या संध्याकाळी मी लिहून ठेवलेलं, गेटवर थांबतो, बरोबर घरी जाऊ. थांबलो पण होतो. मालकांच्या गाडीत बसून ते माझ्यासमोरनं गेले. मान पण वळवली नाही. मी म्हटलं, वाचून पण गेले."

"दादा, चूक माझी आहे."

त्यानं कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली.

"कुणी सांगितलं असतं तर वाट उघडायला तुला किती वेळ लागला असता?"

मी सांगितलं, दोन मिनिटं. तो मान हलवून आपल्या टेबलाकडं गेला आणि अर्धवट राहिलेलं ड्रॉइंग उघडून बसला.