दोन इंचांचा उंबरा

धायरीतल्या आमच्या फ्लॅटच्या दाराला दोन इंच उंचीचा सागवानी उंबरा होता. पाठीच्या दुखण्यानं वडिलांचे पाय गेले, चाकांची खुर्ची आली आणि ते त्या दोन इंचांपाशी अडले. खाली सोसायटीच्या बाकांवर संध्याकाळी त्यांच्या वयाची माणसं जमत. तिथवर स्वतःच्या हातांनी खुर्ची चालवत जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. कोणी उचलून नेलेलं चालत नसे.

उंबरा काढू या, असं मी सुचवलं. आई रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहत असे.

"बिनउंबऱ्याचं घर असतंय का कुठं?" ती म्हणाली.

धायरी गाव होतं तेव्हा वस्ती उंबऱ्यांवर मोजत. लग्नाचं बोलावणं उंबऱ्यागणिक जाई. शब्दाचं मूळ कोशात उंबराच्या झाडाशी नेलेलं आहे. संस्कृतात उदुंबर म्हणजे ते झाडही आणि दाराखालचं लाकूडही. उंबरा ठेवूनच काही करता येतं का, हे पाहायला कसबा पेठेतून बोलावलेल्या सुताराला मी हे सांगितलं.

"उंबराचं लाकूड दारात टिकत नाही, विहिरीत पाण्याखाली टिकतं," तो टेप गुंडाळत म्हणाला. "कोशवाल्यांनी कधी रंधा मारलाय का, विचारा."

त्यानं आधी दोन्ही बाजूंना लाकडी उतार ठेवून पाहिले. दाराबाहेरची जागा अरुंद, त्यामुळे तिकडचा उतार आखूड आणि चढा झाला. वडील बाहेर गेले ते माझ्या आधारानं. परतताना दोनदा खुर्ची मागे घसरली. मी पुन्हा हात लावला.

"हात काढ," ते म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.

आई आतून पाहत होती. तिनं करंडा आणला, उंबरा पुसला, हळदकुंकू वाहिलं.

"घ्या काढून, दादा. पण करवत लावू नका. अख्खा काढा."

उंबरा निघायला तासभर लागला. खाचेतलं सिमेंट वाळल्यावर, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, वडील एकटे बाहेर पडले. लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला. आई दाराशी मेथी निवडत बसली. मेथी संपली तरी उठली नाही. दिवेलागण झाल्यावर ते परतले.

"अहो, एवढा उशीर?"

"गप्पा निघाल्या. उद्या अजून होईल," ते म्हणाले आणि खुर्ची वळवून आत गेले.