दादूस आणि त्याची मागची चाकं

दादूसच्या स्पोर्ट्‌स कारचा लाल रंग पाहून लोक थांबत. दादूस मात्र त्यांना वाकून गाडीच्या खाली बघायला लावायचा. मागच्या दोन चाकांमध्ये त्याने बसवून घेतलेल्या लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलचं त्याला इतकं कौतुक, की आमच्या करंजाड्यात हळदीच्या मांडवातही विषय तिथेच यायचा.

"साध्या गाडीचं एक चाक चिखलात गेलं का सगली ताकद तेच खातं, जागच्या जागी फिरतं. दुसरं बसतं बघत. माझ्या गाडीत दुसऱ्याला पण कामाला लावलाय." उलव्याच्या बांधकामांमधल्या चिखलात मागचं एक चाक घालून तो गाडी आरामात बाहेर काढायचा आणि रुतलेल्या जीपवाल्याला विचारायचा, "काय शेठ, जेवायला येताव का र्‍हाताव हितंच?"

वळणावर मात्र तो जपून चालवी. वळण सरता सरता ॲक्सिलरेटर अलगद दाबायचा, आणि गाडी दोन्ही चाकांनी रस्ता धरून सुटायची. "ओल्या रस्त्याला जोर करायचा नाय. साध्या गाडीचं एकच चाक घसरतं. हिची दोनी एकदम घसरतात, नि मंग शेपूट फिरतं."

मी त्याचा जुना मित्र, शेजारच्या सीटवर बसून हे ऐकायचो; माझ्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की ही गाडी घसरत नाही. हृदयाच्या नुकत्याच झालेल्या ऑपरेशनमुळे मला गाडी चालवायला बंदी होती. तरी कर्नाळ्यापाशी मी हट्टाने चावी मागितली. रस्ता ओला होता. ऐन वळणात मी पाय दाबला. गाडीची मागची बाजू फिरली आणि ती कठड्यावर आदळली.

दादूसने आधी माझी छाती चाचपली. मग म्हणाला, "उतर. हिकडं बस. वैनीला कललं तर घरात घ्यायची नाय तुला. मीच चालवीत व्हतो."

गाव हसलं. "म्हातारा रेस लावतंय!" त्याच्या मुलांनी गाडी विकली, त्याला पुन्हा कुठलीच चावी दिली नाही. माझी ऑपरेशनची जखम भरली, तरी खरं काय ते मी कुणाला सांगितलं नाही. त्यानेही विषय काढला नाही.

पुढे त्याचा मुलगा आम्हा दोघांना पेणला न्यायचा. दादूस पुढे, मी मागे. कर्नाळ्याचं वळण आलं, की दादूसचा उजवा पाय खालच्या मॅटवर अलगद दाबला जाई.

यंदा दादूस गेला. दहाव्याला कुणीतरी म्हणालं, "ती गाडी झेपली नाय त्यांना."

झेपत होती. त्या दिवशी तो डावीकडे बसला होता.