सरकीच्या तेलाचा साबण

माझी थोरली बहीण, अक्का, गेल्यापासून तिच्या देवपूरच्या घरातला साबण आठवतो. मी तेव्हा धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो. बाजारच्या साबणाने तिच्या तान्ह्या मुलीच्या अंगावर पुरळ उठायचं, म्हणून तिने मासिकातली घरगुती साबणाची कृती कापून ठेवली होती. कृती किलोभर खोबरेलाची. आमच्याकडे खोबरेल केसांपुरतंच यायचं. अक्काने तितकंच सरकीचं तेल आणलं, आणि कॉस्टिक सोडा मात्र मासिकात होता तेवढाच मोजला.

"थांब," मी म्हणालो, "आधी ताडून बघू."

"तेल म्हणजे तेलच शे, भाऊ. त्याले पुस्तक कशाले?"

पण प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. पुस्तकातल्या कोष्टकावरून मी हिशेब केला. खोबरेलाला पावणेदोनशे ग्रॅम चालतो, सरकीला एकशे तीस पुरे. जास्तीचा सोडा साबणात तसाच राहिला असता आणि पोरीची कातडी भाजली असती. याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. अक्काने कुरकुरत जास्तीचा सोडा काढून ठेवला.

वड्या महिनाभर सुकल्या. पहिल्या अंघोळीला मी म्हणालो, "आता लाव बिनधास्त."

"हिशेब तुझा बरोबर शे, पण पोर माझी शे."

तिने ओली वडी जिभेच्या टोकाला लावली, क्षणभर थांबली, मग तोंड वाकडं करून मोरीत थुंकली.

"कडू शे, पण झोंबत नही," म्हणत तिने पोरीला पायांवर घेतलं.