खरं बोलायचं ते दुसऱ्या बैठकीत

जपानातल्या किर्यू गावात इसोगाईंच्या खुर्चीत बसून वाईट दिसलेला माणूस अजून जन्माला यायचाय. अडतीस वर्षं त्यांनी लोकांचे केस कापले, प्रत्येकाच्या मानेमागे आरसा धरला आणि प्रत्येकाला सांगितलं, "छान! दहा वर्षं उतरली तुमची!" गिऱ्हाईक बाहेर पडलं, दाराची घंटा वाजून थांबली, की खुर्चीतल्या पुढच्या माणसाला खरं कळायचं: टक्कल कुठवर पोचलंय, कलप कधीपासून चालू आहे आणि तो कोणासाठी लावतात. गावातल्या निम्म्या बातम्या त्याच खुर्चीतून उठून चालू लागत.

साठी उलटल्यावर या गृहस्थांना जुन्या गाड्यांचे फोटो काढायचा नाद लागला. गावात अशा हौशी लोकांचं मंडळच होतं. बारा-तेरा डोकी, बहुतेक सगळी इसोगाईंनीच भादरलेली. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सभागृहात सगळे आपापले फोटो फळ्यावर लावत आणि प्रत्येकानं शेजारच्याच्या फोटोवर चार शब्द बोलायचे. म्हणजे वाहवा करायची. रंग छान, उजेड छान, चाकं तर फारच छान. मग चहा.

खरं बोलायचं ते पाच वाजता, कोपऱ्यावरच्या खानावळीत, दुसऱ्या बैठकीत. बिअरचा दुसरा ग्लास आला की जिभा सुटायच्या. "अहो, तुमची गाडी केवढी कललीय, हँडब्रेक लावला होतात ना?" "मागचा विजेचा खांब टपातून उगवलाय की हो!" तिथं कोणी रागवत नसे, कारण तिथं बिअर बोलते असं मानायची रीत. लोक शिकायचे ते तिथंच.

एकटे नुमाजिरी तिथं कधी आले नाहीत. त्यांचं तोफूचं दुकान. पहाटे तीनला उठून सोयाबीन दळायचं, तर संध्याकाळी सातला अंथरूण गाठावंच लागे. शिवाय दारूचा थेंब सोसत नसे. चहा संपला की ते लवून नमस्कार करत, आपला फोटो फळ्यावरून अलगद काढून वर्तमानपत्रात गुंडाळत आणि सायकलवरून घरी जात. जाताना त्यांच्या डोक्यावर कायम मासे पकडणाऱ्यांची लालभडक टोपी.

आणि तीच टोपी त्यांच्या फोटोत. प्रत्येक फोटोत! नुमाजिरी गाडीच्या दाराच्या अगदी समोर पाय फाकून उभे राहायचे, आणि चकाकत्या दारात ते स्वतःच उमटायचे: कोपर बाहेर, पोट पुढे आणि वर लाल टोपी. त्यांचं लक्ष सदा चाकांवर आणि दिव्यांवर, दाराकडे ते बघायचेच नाहीत. दुसऱ्या बैठकीत यावर हसून हसून लोकांचे ग्लास सांडत. "या महिन्याचा टोपीवाला पाहिलात का?" ही सुरुवात इसोगाईंचीच. नऊ वर्षं हे चाललं होतं.

तर झालं असं, की मंडळ ज्यांनी काढलं ते कुराता वारले. त्यांची काळी दोन दारांची गाडी, चाळीस वर्षं जिवापाड जपलेली, लांबच्या क्युशू बेटावरच्या एका माणसानं घेतली. गुरुवारी सकाळी दहाला ट्रक यायचा होता. कुराताबाई इसोगाईंकडे आल्या.

"तिचा एक चांगला फोटो हवाय. देवघरात, यांच्या फोटोशेजारी ठेवायला. एकदा गेली की मला काही ती दिसायची नाही. कोणाला सांगू?"

इसोगाईंची कंबर धरली होती. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "नुमाजिरीसानना सांगा. काळ्या रंगावर त्यांचा फार छान हात आहे."

बुधवारी नुमाजिरी मोठा फोटो घेऊनच दुकानात आले. "बाईंना द्यायच्या आधी तुम्ही बघा. खरं सांगा हं."

इसोगाईंनी बघितलं. काळ्या दाराच्या बरोब्बर मधोमध टोपीवाला. इतका ठसठशीत तो कधीच आला नव्हता.

"छान," इसोगाई म्हणाले. "चमक काय आलीय!"

नुमाजिरी शीळ घालत गेले. आतून इसोगाईंची बायको फुमिए हात पुसत आली. तिनं काचेतून सगळं बघितलं होतं.

"अहो, ती बिचारी रोज सकाळी नवऱ्यापुढे उदबत्ती लावणार आणि शेजारी ही टोपी बघणार?"

"मी काय करू? त्यांना वाईट वाटेल."

"त्यांना वाटेल की तुम्हाला?"

त्या दिवशी इसोगाईंना जेवण गेलं नाही. गुरुवारी आठ वाजता ते तोफूच्या दुकानात जाऊन उभे राहिले. नुमाजिरी पाण्यात हात घालून तोफूच्या वड्या कापत होते. इसोगाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. टोपी, दार आणि दुसरी बैठकसुद्धा.

सुरी थांबली. "किती दिवस दिसतंय हे?"

"नऊ वर्षं."

"सगळ्यांना?"

"हो."

नुमाजिरींनी पाण्यातून हात काढले आणि बराच वेळ कोरडे केले. "मी गेल्यावर तुम्ही फोटोंवर बोलता हे कानावर होतं. मला वाटायचं, माझे फोटो बोलण्याच्या लायकीचे नसतात, म्हणून माझ्यापुढे नुसतं छान म्हणून सोडता."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर इसोगाईंना बरं वाटलं असतं. पण नुमाजिरींनी एवढंच विचारलं, "मग उभं कुठं राहायचं?"

"दारासमोर नाही. पुढच्या चाकाकडून तिरके या, आणि लांबून घ्या. टोपी काढा. अन् मी एक काळं कापड आणतो."

दोघं बाईंच्या अंगणात पोचले तेव्हा ट्रक आधीच येऊन थांबला होता आणि ड्रायव्हर घड्याळ बघत होता. इसोगाईंनी गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायची काळी चादर नुमाजिरींपुढे पडद्यासारखी धरली. भिंगापुरती फट ठेवली. कंबर ओरडत होती.

"थोडं डावीकडे. अजून. खाली बसा. आता दारात काय दिसतंय?"

"कुंपण. आणि आभाळ."

"घ्या!"

गाडी ट्रकवर चढली, वळणावरून दिसेनाशी झाली. कुराताबाई तिकडेच बघत होत्या. मग वळून म्हणाल्या, "पहिल्या फोटोत काय बिघडलं होतं?"

नुमाजिरींनी इसोगाईंकडे पाहिलं. उत्तर त्यांनीच द्यायचं होतं.

"दारात ते स्वतः दिसत होते," इसोगाई म्हणाले. "नऊ वर्षं दिसतायत. मी कधी सांगितलं नाही. कालही छानच म्हणालो."

बाई आत गेल्या. परत आल्या त्या एक जाडजूड वही घेऊन. पानापानावर कुरातांनी काढलेले गाड्यांचे फोटो चिकटवलेले, आणि प्रत्येकाखाली त्यांच्या बारीक अक्षरात तारीख. शेजारी लिहिलेलं: इसोगाईसान म्हणाले, छान.

"यांना गुडघ्यांमुळे शेवटची पाच-सहा वर्षं तुमच्या त्या खानावळीत येता आलं नाही," बाई म्हणाल्या. "हे सगळे तेव्हाचे. मला म्हणायचे, इसोगाईंची नजर तयार आहे, त्यांना आवडला म्हणजे जमला."

इसोगाईंचा चेहरा कानापर्यंत तापला. चादर अजून त्यांच्या हातातच होती. तिचं काय करावं ते त्यांना सुचेना.

"बसा," बाईंनी ओटीकडे हात केला आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "पहिल्यापासून सांगा. आता तरी."

इसोगाईंनी पहिलं पान उघडलं. निळी गाडी, मागे चेरीचं झाड. त्यांनी वही उजेडाकडे वळवली.

"ऊन गाडीच्या मागून येतंय," ते शेवटी म्हणाले. "त्यामुळे तोंड काळवंडलंय. दोन पावलं फिरून उभे राहिले असते तर..."

बाईंनी आतून पेन्सिल आणली आणि 'छान'च्या खाली लिहायला घेतलं.